आठव्या दिवशी कोणी पाहायचे?

वर्तमानपत्रातील अपघाताची बातमी वाचण्याची आपल्या सर्वांना सवय झाली आहे. अमुक घाटात मोटार दरीत कोसळली, अमुक फाट्यावर जीप आणि मालमोटार यांची टक्कर झाली, इतके ठार, इतके जखमी. मृतांची नावे छापली जातात, जखमींचा केवळ आकडा दिला जातो, आणि ‘जखमींवर रुग्णालयात उपचार सुरू आहेत’ या वाक्याने बातमी संपते. जणू त्या वाक्याबरोबर समाजाची जबाबदारीही संपली! वस्तुस्थिती अशी आहे की जखमी माणसाच्या घराची खरी शोकांतिका बातमी जेथे संपते तेथे सुरू होते. उपचार सुरू आहेत म्हणजे कोठे सुरू आहेत, कोणाच्या पैशाने सुरू आहेत आणि किती दिवस सुरू राहणार आहेत, हे तीन प्रश्न विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. ते विचारावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाचा आवाका प्रथम ध्यानात घेऊ. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. त्या वर्षी एकट्या महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५ हजारांहून अधिक होती. ही नोंद झालेली संख्या. ज्या जखमींची पोलिसांकडे वर्दीच गेली नाही, ते या हिशेबात नाहीत. एखाद्या रोगाच्या साथीने वर्षाला इतकी माणसे गारद केली असती, तर विधिमंडळात सभातहकुबीच्या सूचना आल्या असत्या. अपघात हा मात्र ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग मानला जातो, आणि जे नशिबावर ढकलता येते त्याचा जाब राज्यकर्त्यांना द्यावा लागत नाही.

या जखमींमध्ये एक वर्ग असा आहे की ज्याच्याविषयी आम्हांस विशेष लिहावयाचे आहे. तो वर्ग प्रवाशांचा. मोटार चालविणाऱ्याच्या हातात सुकाणू असते, मालकाच्या हातात वाहनाची कागदपत्रे असतात. मागच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात काहीच नसते. वेग त्याने ठरविलेला नसतो, ब्रेक त्याने तपासलेले नसतात, विम्याचा हप्ता भरला आहे की नाही हे त्याला ठाऊक नसते. अपघातात ज्याचा काडीचाही दोष नसतो, असा माणूस म्हणजे हा प्रवासी. आणि तरीही जखमी झाल्यावर सर्वांत जास्त प्रश्न त्यालाच विचारले जातात. तू गाडीत का बसलास, भाडे दिलेस की फुकट आलास, मालकाचा तू कोण, आणि मुख्य म्हणजे, पैसे कोण भरणार?

प्रस्तुत लेखक ज्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत असे, तेथील एका शिपायांची हकिकत येथे सांगणे अगत्याचे वाटते. बहिणीच्या गावची जत्रा आटोपून ते रात्री वडापच्या जीपने परतत होते. शेवटची एस. टी. निघून गेली होती, त्यामुळे वडापवाचून गत्यंतर नव्हते. जीपमध्ये दाटीवाटीने चौदा माणसे बसली होती. उसाने भरलेली एक ट्रॉली रस्त्यातच बंद पडून उभी होती. तिला मागे दिवा नव्हता, की परावर्तक पट्टी नव्हती. जीप मागून तिच्यावर आदळली. आमच्या या सहकाऱ्यांची मांडी मोडली आणि पोटाला मुका मार लागला. ग्रामीण रुग्णालयात मलमपट्टी झाली आणि ‘पुढील उपचारासाठी रवाना’ अशी चिठ्ठी मिळाली. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात खाट होती, परंतु अस्थिरोगतज्ज्ञाची जागा रिकामी होती. अखेर पहाटे ते एका खासगी रुग्णालयाच्या दारात पोहोचले. तेथे चाळीस हजार रुपये अनामत भरल्यावाचून आत घेण्याची तयारी नव्हती. त्यांच्या पत्नीजवळ त्या वेळी अकराशे रुपये होते.

प्राध्यापकांनी आणि कर्मचाऱ्यांनी वर्गणी केली, अनामत भरली गेली, मांडीत सळई बसली. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु तिसऱ्या आठवड्यात जखमेत जंतुसंसर्ग झाला, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, आणि तोवर वर्गणीचा उत्साह ओसरला होता. मग पतसंस्थेचे कर्ज, मग पत्नीचे दागिने, मग गावाकडच्या कोरडवाहू जमिनीवर बोजा, असा आपल्याकडील सर्व दुखण्यांचा ठरलेला प्रवास झाला. अपघात न्यायाधिकरणापुढील दाव्यात विमा कंपनीने हरकत घेतली की जीप खासगी वापराची होती, तिच्यातून भाड्याने प्रवासी नेणे हा विम्याच्या अटींचा भंग आहे. दाव्याचा निकाल सहा वर्षांनी लागला. रक्कम मिळाली, नाही असे नाही. पण तोवर पाय कायमचा आखूड झाला होता आणि धाकट्या मुलीचे शिक्षण सुटले होते.

या एका हकिकतीत प्रश्नाची तिन्ही अंगे आली आहेत. रुग्णालयाने दारात पैसे मागितले, सरकारी रुग्णालयात माणूस नव्हता, आणि विम्याने प्रवाशाला ओळख दिली नाही. आता या तिन्हींबाबत कायदा काय म्हणतो ते पाहू.

दारात अडविण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही, हे आपल्या देशात १९८९ सालीच ठरले आहे. मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने घेतले नाही. पोलीस प्रकरणाचे रुग्ण हाताळण्याचा परवाना वीस किलोमीटरवरील दुसऱ्या रुग्णालयाला आहे, तेथे न्या, असे सांगितले गेले. तो माणूस वाटेतच गेला. परमानंद कटारा यांनी ही बातमी सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवली आणि न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे, पोलिसांचे सोपस्कार नंतरचे. पुढे १९९६ साली पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. समितीचा एक सभासद गाडीतून पडून डोक्याला इजा झालेल्या अवस्थेत एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात फिरविला गेला आणि शेवटी त्याला खासगी रुग्णालयात खर्च करून उपचार घ्यावे लागले. न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई देवविली आणि पैशाची अडचण ही राज्यसंस्थेला सबब म्हणून सांगता येणार नाही असे बजावले. हा निकाल खेतमजुरांच्या संघटनेने मिळविला आहे, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी विसरू नये. कायद्याच्या पुस्तकातील पुष्कळशी माणुसकी संघटित कष्टकऱ्यांनी तेथे नेऊन ठेवली आहे.

त्यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन जखमीवर सोपस्कारांची वाट न पाहता उपचार करण्याचे बंधन डॉक्टरांवर आले. २००६ साली विधी आयोगाने आपला २०१ वा अहवाल याच विषयावर दिला आणि त्यासाठी नमुना कायदाही तयार केला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला पोलीस व रुग्णालये यांच्या जाचापासून संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या. २०१९ च्या दुरुस्तीने या संरक्षणाला कायद्यात स्थान दिले, इजा झाल्यानंतरच्या पहिल्या तासाची व्याख्या केली आणि त्या तासात रोकड न मागता उपचार देण्याची योजना केंद्र सरकारने आखावी, असे बंधन घातले. हे कलम १ एप्रिल २०२२ पासून अमलात आले. योजना मात्र आली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिली, ती मुदतही उलटली, आणि न्यायालयाने केंद्राच्या सचिवांना पाचारण केल्यानंतर मे २०२५ मध्ये योजना अधिसूचित झाली. एका तासाच्या उपचारासाठी सरकारला तीन वर्षे लागली, असा याचा हिशेब आहे.

योजना काय देते? मोटार वाहनामुळे कोणत्याही रस्त्यावर अपघात झालेल्या कोणत्याही व्यक्तीला, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नियुक्त रुग्णालयात रोकड न भरता उपचार मिळतील. नियुक्त नसलेल्या रुग्णालयानेही जखमीची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करावयाचे आहेत. वाहन विमा असलेले असेल तर खर्च विमा कंपन्यांच्या वर्गणीतून, नसेल किंवा वाहन पळून गेले असेल तर सरकारी तरतुदीतून, अशी मोटार वाहन अपघात निधीची रचना आहे.

सरकारच्या प्रत्येक कृतीत दोषच काढावयाचे अशी आमची भूमिका नाही. या योजनेत एक तत्त्व प्रथमच मान्य झाले आहे आणि ते फार मोलाचे आहे. जखमी माणूस चालक आहे की प्रवासी, वाहनाचे कागद बरोबर आहेत की नाहीत, त्याने भाडे दिले होते की नव्हते, हे प्रश्न उपचारापूर्वी विचारले जाणार नाहीत. जखमी असणे हीच त्याची पात्रता. आमच्या सहकाऱ्यांना ही योजना त्या काळी लाभली असती, तर पहाटे रुग्णालयाच्या दारात त्यांच्या पत्नीला पदराची गाठ सोडून नोटा मोजाव्या लागल्या नसत्या.

परंतु त्यांचा जंतुसंसर्ग तिसऱ्या आठवड्यातला होता. येथे प्रश्नाचे मर्म आहे. तत्त्व मान्य झाले, पण त्याला सात दिवसांचे आयुष्य दिले गेले. आठव्या दिवशी सकाळी तोच माणूस, तीच खाट, तेच मोडलेले हाड, मात्र त्याची पात्रता संपलेली! डोक्याला मार लागलेला रुग्ण सात दिवसांत शुद्धीवर आलाच पाहिजे, असा नियम निसर्गाने केलेला नाही. कंबरेचे हाड मोडलेल्या बाईला उठून बसायला आठवडे लागतात, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या तरुणाला पुढे आयुष्यभर कोणाच्या तरी आधाराची गरज असते. पहिला तास प्राण वाचवितो हे खरे, पण वाचलेल्या प्राणाचे पुढे काय, हा प्रश्न त्यानंतरच्या महिन्यांत ठरतो. भांडवली व्यवस्था जीव वाचविण्याचे श्रेय आनंदाने घेते आणि जगविण्याचा खर्च कुटुंबावर टाकते.

आठव्या दिवसानंतर कायदा जखमीला पुन्हा जुन्याच दाराशी नेऊन सोडतो. ते दार म्हणजे विमा आणि नुकसानभरपाई. राज्याची आरोग्य योजना आहे, पण तीही तिच्या यादीतील उपचार आणि तिच्या यादीतील रुग्णालये यांच्या चौकटीत चालते. बाकीच्यासाठी दावा लावावा लागतो, आणि तेथे प्रवाशाची गाठ विमा कायद्यातील एका जुन्या भेदभावाशी पडते. प्रत्येक वाहनाला सक्तीचा असणारा विमा, ज्याला व्यवहारात ‘थर्ड पार्टी’ म्हणतात, तो त्रयस्थासाठी आहे. रस्त्याने चालणारा त्रयस्थ, समोरच्या गाडीतला त्रयस्थ. पण त्याच गाडीत विनाभाडे बसलेला पाहुणा हा त्रयस्थ की नाही?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या न्यायालयांना वारंवार द्यावे लागले आहे. १९६० साली नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली एका कंपनीची मोटार झाडावर आदळली आणि तीतून जाणारे एक गृहस्थ दगावले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले, परंतु सक्तीच्या विम्यात असा प्रवासी येत नाही, असे स्पष्ट केले. २००२ साली न्यायालयाने मालवाहू वाहनातील विनाभाडे प्रवाशाबाबत हाच निर्णय दिला, आणि २००६ साली दुचाकीवर मागे बसलेल्या माणसाबाबतही. २०१२ साली मात्र न्यायालयाने सांगितले की मालकाने जादा हप्त्याचा सर्वसमावेशक विमा घेतला असेल, तर गाडीतील प्रवासी त्याखाली येतो. न्यायाधीशांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी कायद्याची अक्षरे वाचली, आणि ती अक्षरे संसदेची आहेत.

याचा व्यवहारातील अर्थ काय, तो पाहा. ज्याच्याकडे नवी कोरी मोटार आहे, त्याने बहुधा सर्वसमावेशक विमा घेतलेला असतो, म्हणून त्याच्या पाहुण्याला संरक्षण मिळते. जुनी गाडी घेऊन पोट भरणारा माणूस कायद्यापुरता सर्वांत स्वस्त विमा घेतो, म्हणून त्याच्या गाडीत बसलेला शेजारी उघड्यावर पडतो. मालमोटारीत आपल्या मालाबरोबर बसलेल्या व्यापाऱ्याला १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण आहे, त्याच मालावर हात दाखवून चढलेल्या मजुराला नाही. मालक स्वतः गाडी चालवीत असेल तर २०१८ पासून त्याच्यासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा झाला, त्याच्या शेजारी बसलेल्या माणसासाठी अशी सक्ती नाही. मालकी असेल तर संरक्षण, मालकी नसेल तर दैव! संपत्तीचा हा न्याय आपण शेतीत पाहिला, गिरणीत पाहिला, तो मोटारीच्या मागच्या बाकापर्यंत पोहोचला आहे.

येथे अर्थशास्त्राचा काही भाग येतो. रस्त्यावर धावणारे प्रत्येक वाहन काही फायदा निर्माण करते आणि काही धोकाही. फायदा वाहनमालकाला, मालाच्या व्यापाऱ्याला, रस्त्याच्या ठेकेदाराला, इंधन विकणाऱ्याला आणि त्यावर कर घेणाऱ्या सरकारला मिळतो. धोका मात्र मोडलेल्या हाडांच्या रूपाने कोणा एकाच्या वाट्याला येतो. ज्या खर्चाची नोंद उत्पादकाच्या वहीत होत नाही, तो समाजाला सोसावा लागतो, हे पिगूने १९२० सालीच दाखवून दिले होते आणि असा खर्च तो निर्माण करणाऱ्यांवर कराच्या रूपाने टाकावा, असे सुचविले होते. मोटार वाहतुकीच्या किमतीत जखमींच्या संपूर्ण उपचाराचा खर्च आज पूर्णपणे धरलेला नाही. ती किंमत स्वस्त दिसते, कारण तिचा एक भाग आमच्या शिपायांसारखी माणसे भरीत असतात.

हा खर्च सर्वांनी मिळून उचलणे अशक्य आहे काय? न्यूझीलंड या छोट्या देशात न्यायमूर्ती वुडहाउस यांच्या आयोगाने १९६७ साली शिफारस केली की अपघातातील जखमीला दोष कोणाचा याची चर्चा न करता उपचार, पुनर्वसन आणि बुडालेल्या मिळकतीची भरपाई समाजाने द्यावी. १ एप्रिल १९७४ पासून ती व्यवस्था तेथे सुरू झाली. तिच्यात पुढे अनेक फेरफार झाले, पण मूळ तत्त्व टिकून आहे, आणि मोटार अपघातांचा पैसा वाहनांच्या नोंदणीवरील व पेट्रोलवरील आकारातून उभा राहतो. तेथे जखमीला कोर्टाच्या पायऱ्या चढून दोष सिद्ध करीत बसावे लागत नाही.

दूर कशाला जावे? आपल्या एस. टी.ने २०१६ पासून प्रत्येक तिकिटामागे एक रुपया घेऊन अपघात साहाय्य निधी सुरू केला आणि मृताच्या वारसांना दहा लाखांपर्यंत साहाय्य देण्याची तजवीज केली. एक रुपया! तो देताना कोणा प्रवाशाच्या कपाळाला आठी पडत नाही. सुखरूप पोहोचलेल्यांनी न पोहोचलेल्यांची काळजी घ्यावी, हे समाजवादाचे तत्त्व एस. टी.चा वाहक रोज तिकिटाबरोबर फाडून देत असतो, आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते. हेच तत्त्व सर्व वाहनांना लावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की उपचार फुकट मिळू लागले तर माणसे बेफिकीर होतील. विम्याच्या शास्त्रात या शंकेला स्थान आहे आणि कारखान्याच्या आगीच्या विम्याला ती लागू पडत असेलही. पण उपचार मोफत आहेत म्हणून कोणी आपली मांडी मोडून घेईल, अशी कल्पना ज्याचे कधी हाड मोडले नाही तोच करू शकेल. शिवाय सुकाणू ज्याच्या हातात नाही, त्या प्रवाशाने बेफिकीर व्हायचे म्हणजे काय करायचे? बेदरकार चालकाला शिक्षा करा, अंधारात ट्रॉली सोडून देणाऱ्याला दंड करा. जखमीला उपाशी ठेवून चालकाला शिस्त लागत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. सरकारकडे इतका पैसा कोठून येणार? ज्या सरकारला शेकडो किलोमीटरचे महामार्ग बांधायला पैसा मिळतो, त्याने हा प्रश्न विचारू नये. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी होरपळून गेले, ती रात्र महाराष्ट्र विसरलेला नाही. रस्ता आधी आणि रुग्णालय मग, हा आपला क्रम आहे. पेट्रोल-डिझेलवर रस्त्यांसाठी उपकर घेण्याचा कायदा २००० साली झाला. टोल तर पदोपदी आहे. या दोहोंतला ठरावीक वाटा जखमींच्या उपचारासाठी राखून ठेवला, तर पैशाची वाण पडणार नाही. उणीव आहे ती निश्चयाची.

मात्र एक इशारा येथे दिला पाहिजे. पैसा उभा राहिला, तरी तो केवळ विम्याच्या वाटेने खासगी रुग्णालयांकडे वाहत गेला, तर प्रश्न सुटणार नाही. वैद्यकीय सेवेचा बाजार हा भाजीबाजारासारखा नसतो, येथे घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत याचे ज्ञान नसते, हे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली मांडले. बेशुद्ध जखमी तर घासाघीस करू शकत नाही, दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. शिवाय खासगी रुग्णालय तेथेच उभे राहते, जेथे पैसे देणारे लोक आहेत. अपघात मात्र माळरानावर होतो, घाटात होतो, जेथून तालुक्याचे ठिकाण चाळीस किलोमीटरवर असते. तेथे सरकारी रुग्णालयावाचून दुसरा आधार नाही. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, असे भोर समितीने १९४६ साली सांगितले होते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाने आणि परळच्या के. ई. एम.ने हे वचन पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या परीने पाळले. तेथील व्हरांड्यात जमिनीवर गादी मिळते, पण अनामत न भरल्यामुळे दार बंद होत नाही. तालुक्या-जिल्ह्यांच्या वाट्याला मात्र ट्रॉमा केअर सेंटरच्या पाट्या आल्या. इमारत उभी आहे, कोनशिला आहे, आणि भूलतज्ज्ञाची जागा रिकामी आहे, हे दृश्य कोणाही कार्यकर्त्याने आपल्या भागात पाहिले असेल. भूल देणारा नसेल, तर शल्यविशारद असून नसल्यासारखाच.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, सात दिवसांची आणि दीड लाखाची मर्यादा काढून टाकावी. उपचार किती दिवस हे डॉक्टरने ठरवावे, कारकुनाने नव्हे, आणि पुनर्वसन हा उपचाराचाच भाग मानावा. दुसरी, सक्तीच्या विम्यातच वाहनातील प्रत्येक माणसाचा समावेश करावा, मग तो भाडे देणारा असो, पाहुणा असो वा मालावर बसलेला मजूर असो. तिसरी, महामार्गावरील टोलचा आणि इंधनावरील उपकराचा निश्चित हिस्सा त्याच मार्गालगतच्या सार्वजनिक रुग्णालयांतील अपघात विभागांना मिळावा, आणि तेथील तज्ज्ञांची पदे भरली जाईपर्यंत नव्या इमारतींच्या कोनशिला बसवू नयेत.

मागण्या करून थांबणे मात्र आपल्या परंपरेला शोभणारे नाही. ज्या कायद्याची लोकांना माहिती नाही, तो कायदा नसल्यासारखाच असतो. २०२५ ची योजना अपुरी असली, तरी ती आजचा हक्क आहे. आपल्या तालुक्यातील कोणती रुग्णालये तिच्यात नियुक्त आहेत, याची यादी मिळवून ती ग्रामपंचायतीच्या फलकावर, एस. टी. स्थानकात आणि वडापच्या थांब्यावर लावणे हे काम एका शाखेला एका आठवड्यात करता येईल. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याला पोलीस अडकवून ठेवू शकत नाहीत, ही गोष्ट जीपचालकांच्या, ऊसतोड कामगारांच्या आणि रस्त्याकडेच्या ढाबेवाल्यांच्या सभा घेऊन सांगितली पाहिजे, कारण अपघाताच्या ठिकाणी सर्वांत आधी पोहोचतात ती हीच माणसे. साखर कारखान्यांच्या दारात हंगामापूर्वी जाऊन प्रत्येक ट्रॉलीला मागे परावर्तक पट्टी लावून घेणे हेही राजकीय कामच आहे. आणि एखाद्या रुग्णालयाने अनामतीसाठी जखमीला दारात थांबविले, तर तेथे १९८९ च्या निकालाची प्रत घेऊन उभा राहणारा कार्यकर्ता आपला असला पाहिजे.

आमचे ते सहकारी आता निवृत्त झाले आहेत. परवा बाजारात भेटले, काठी टेकीत चालत होते. नव्या योजनेविषयी त्यांनी वाचले होते. ‘‘सर, योजना चांगली आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण माझे दुखणे तिसऱ्या आठवड्यातले होते.’’ त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, केवळ हिशेब होता. तो हिशेब बरोबर आहे. त्याचे उत्तर द्यायचे काम आपले आहे.